निळ्या खुर्चीची वहिवाट

घरात दुसरे मूल जन्मास येते, बाराव्या दिवशी बारसे होते, माळ्यावरून उतरवून, धुऊनपुसून पुन्हा टांगलेला तोच जुना पाळणा दाराशी आलेल्या आयाबायांच्या कौतुकाचा विषय होतो, आणि ज्या पहिल्या मुलासाठी तो चार वर्षांपूर्वी हौसेने घेतला गेला होता ते मूल कोपऱ्यात उभे राहून आपल्या मिळकतीवर चाललेला हा कबजा निमूटपणे पाहत असते. त्याला कोणी आगाऊ नोटीस दिलेली नसते, त्याची कैफियत कोणी लिहून घेतलेली नसते. उलट, जहागीर काढून घेतलेल्या सरदाराला एखादा पोकळ किताब देऊन वाटेला लावावे, तसे 'आता तू दादा झालास' असे म्हणून त्याची बोळवण झालेली असते. त्या मुलाने दुपारी बाळाला चिमटा काढला की मोठी माणसे म्हणतात, मत्सर वाटतो हो त्याला.

शब्दांच्या बाबतीत आपली भाषा येथे दरिद्री नाही. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्यालाही असावे असे वाटणे हा हेवा. ते दुसऱ्याजवळ आहे एवढेच सलू लागले की तो मत्सर. आणि त्याच्या गुणांतही दोष दिसू लागले म्हणजे ती असूया. षड्रिपूंच्या यादीत मत्सर अगदी शेवटी बसतो, पण घरात तो वयाने सर्वांत आधी येतो, असे मुले वाढवलेले कोणीही सांगेल. मात्र पाळण्याजवळ उभ्या असलेल्या त्या मुलाला बाळाचे काहीच नको असते. त्याला जे हवे असते ते त्याचे स्वतःचेच असते, कालपर्यंत त्याच्या वहिवाटीत असलेले असते. त्याची तक्रार बेदखल झालेल्या कुळाची आहे, आणि ती तशी समजून घेणारे वाङ्मय जगात कोठे असेल, तर ते मुलांच्या चित्रपुस्तकांत आहे, असे माझे बऱ्याच वाचनानंतर झालेले मत आहे.

या प्रकारातील मला सर्वांत प्रिय असलेले पुस्तक एझरा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकाराचे 'पीटर्स चेअर' हे होय. ते १९६७ साली निघाले. कीट्स १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, पोलंडहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मला. त्याचे मूळ नाव जेकब एझरा कॅट्झ. १९४० च्या सुमारास 'लाइफ' मासिकात आलेली एका लहानग्या कृष्णवर्णीय मुलाची काही छायाचित्रे त्याने कापून ठेवली, ती वीसएक वर्षे जपली, आणि त्या चेहऱ्यातून त्याचा पीटर जन्मला. 'द स्नोई डे' हे पीटरचे पहिले पुस्तक १९६२ चे. पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळाले. चित्रपुस्तकांच्या या अमेरिकन सन्मानास १९३८ पासूनचा इतिहास आहे, परंतु नायक कृष्णवर्णीय मूल आहे असे पुस्तक तोपर्यंत त्या यादीत नव्हते. नक्षीचे कागद, कापडाचे तुकडे आणि रंग यांची चिकटचित्रे करणे ही कीट्सची पद्धत. 'द स्नोई डे'मधले हिमकण तर त्याने खोडरबरावर कोरलेल्या ठशांनी उमटवले होते.

'पीटर्स चेअर'ची गोष्ट सांगायला दोन मिनिटे लागतात. पीटरने ठोकळ्यांचा एक उंच मनोरा रचला आहे. तो धाडकन कोसळतो, आणि आई त्याला हळू खेळायला सांगते, कारण घरात नवे बाळ आहे. बाळाचे नाव सूझी. पीटर डोकावून पाहतो, तर त्याच्या पाळण्याला गुलाबी रंग दिलेला. वडील त्याला जेवणाची उंच खुर्ची रंगवण्यासाठी मदतीला बोलावतात. ती खुर्चीही त्याचीच. पुढे त्याचा कठड्याचा पलंग, तोही गुलाबी. मग त्याला आपली छोटी निळी खुर्ची दिसते, जिच्यावर अद्याप कुंचला फिरलेला नाही. ती उचलून तो पळतो.

येथे कीट्सने एक अतिशय सूक्ष्म काम केले आहे, आणि मोठ्याने वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते. पाळणा पाहून पीटर जे म्हणतो ते मनातल्या मनात. जेवणाच्या खुर्चीबद्दलचे उद्गार तो कुजबुजतो. पलंगाबद्दल पुटपुटतो. आणि निळी खुर्ची दिसल्यावर ओरडतो. मोजक्या पानांत चार क्रियापदे, आणि त्या चार पायऱ्यांनी मुलाच्या मनातला विस्तव धुमसत धुमसत ज्वाळेपर्यंत पोहोचतो. 'मत्सर' हा शब्द पुस्तकात एकदाही येत नाही. पीटरला उद्देशून 'शहाणा', 'चांगला', 'वाईट' यांपैकीही कोणी त्या घरात पाऊल टाकत नाही.

पीटर मग घर सोडतो. बरोबर कुत्रा विली, बिस्किटे, विलीची बिस्किटे, निळी खुर्ची, खेळण्यातली मगर आणि स्वतःचे तान्हेपणीचे छायाचित्र. या सामानाच्या यादीकडे एखाद्या वकिलाने पाहावे तसे पाहा: छायाचित्र हा पुरावा आहे, खुर्ची ही मिळकत आहे आणि बिस्किटे ही शिबंदीची रसद आहे. तो जातो किती लांब, तर आपल्याच घराच्या पुढ्यात. तेथे तो सामान नीट मांडतो, जरा टेकावे म्हणून खुर्चीवर बसू पाहतो, आणि बसता येत नाही. तो मोठा झालेला आहे.

साऱ्या पुस्तकाचे मर्म या एका चित्रात आहे. इतका वेळ ज्या मालकीसाठी त्याने बंड पुकारले ती मिळकत त्याच्या कबजात आली, आणि त्याच क्षणी ती त्याच्या उपयोगाची राहिलेली नाही असे त्याच्या देहानेच त्याला सांगितले. आईने समजावले असते तर ते त्याने मानले नसते. खुर्ची खोटे बोलत नाही.

पुढे आई खिडकीतून जेवायला हाक मारते. पीटर ऐकू न आल्याचे सोंग करतो, पण थोड्या वेळाने घरात पडद्याखालून त्याच्या बुटांची टोके दिसू लागतात. आई हसत पडदा सारते, तर मागे नुसते बूट, आणि पीटर दुसरीकडून 'हा बघ मी' करून उभा. मग तो मोठ्या माणसांच्या खुर्चीवर वडिलांशेजारी बसतो आणि आपण होऊन सुचवतो की छोटी खुर्ची सूझीसाठी गुलाबी रंगवू या. शेवटच्या पानावर बापलेक ती रंगवत आहेत. आरंभी वडिलांनी रंगवण्याचे आमंत्रण दिले होते; अखेरीस तेच आमंत्रण मुलगा वडिलांना देतो. जप्ती होती तिचे बक्षीसपत्र झाले. मिळकत तीच गेली. सही मात्र या वेळी मालकाची होती.

चित्रपुस्तकाला हे कसे साधते, याचे उत्तर थोडे छापखान्यातही आहे. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पानांची असतात. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना छपाई करून तो दुमडला की १६ पानांचा एक फर्मा होतो, आणि असे दोन फर्मे शिवले की पुस्तक तयार. त्यांतली नाव, श्रेय, अर्पण इत्यादींची पाने वजा जाता लेखकाच्या हाती जेमतेम बारा-तेरा वेळा पान उलटण्याची संधी उरते. कादंबरीकाराने प्रकरण खर्ची घालावे त्या ठिकाणी या मंडळींना एक पान उलटणे पुरवावे लागते. पडदा सारण्यासाठी आईने हात लावला आहे अशा ठिकाणी उजवे पान संपते, आणि मागे कोण हे कळण्यासाठी ऐकणाऱ्या मुलालाच पान उलटावे लागते. शिवाय शब्द वाचता येत नसलेले मूल चित्र वाचत असते, आणि ते मोठ्यांपेक्षा बारकाईने. शब्द आजोबांच्या ताब्यात, चित्र नातीच्या ताब्यात, आणि या दुहेरी अमलात पुष्कळदा नातीचेच दप्तर अधिक अद्ययावत असते.

आमच्या घरी हे पुस्तक मी साडेचार वर्षांच्या नातीला, तिच्या भावाच्या बारशानंतर पंधरवड्याने, जमेल तसे मराठी करत वाचून दाखवले. पडद्याखालचे बूट आले तेव्हा मी अजून वरच्या ओळीतच होतो, तिने बुटांवर बोट ठेवले, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तो तिथं नाहीये, आजोबा. नुसते बूट ठेवलेत." ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नव्हती. त्या आठवड्यात ती स्वतः दोनदा कपाटामागे लपली होती आणि दोन्ही वेळा घरातल्या गडबडीत तिला शोधायला कोणी आले नव्हते, हे मला नंतर कळले.

मूल मत्सरी असते ही काही आजची बातमी नाही. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आपल्या आत्मकथनात, अजून बोलताही न येणारे एक अर्भक आपल्या दूधभावाकडे पांढरेफटक पडून कसे कडवट नजरेने पाहत होते, हे स्वतः पाहिल्याचे नमूद केले आहे. त्यावरून त्याने काढलेले अनुमान अर्थात पापाचे होते. विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अॅडलरने पाप बाजूला ठेवले आणि पहिल्या मुलाच्या या अवस्थेला पदच्युत राजाची उपमा दिली. २००२ साली सिबिल हार्ट आणि हेदर कॅरिंग्टन या अमेरिकन संशोधिकांनी अवघ्या सहा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला: आईने बाळाकडे दुर्लक्ष करून एकदा पुस्तकात लक्ष घालायचे आणि एकदा खऱ्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुलीचे लाड करायचे. दुर्लक्ष दोन्ही वेळा सारखेच. पण बाहुलीच्या वेळी बाळांचा त्रागा अधिक होता. सहा महिन्यांच्या जीवाला पुस्तक चालते, प्रतिस्पर्धी चालत नाही. लेखकांनी यातून मिळेल तेवढे समाधान घ्यावे.

पण पुस्तकांकडे परत येऊ. रसेल होबानच्या 'अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सेस' या १९६४ च्या पुस्तकात (चित्रे त्याच्या पत्नीची, लिलियन होबानची) फ्रान्सेस ही बिज्जूची मुलगी धाकट्या बहिणीच्या आगमनानंतर घरातली हयगय पाहून कंटाळते आणि रीतसर आईबापांना सांगून घर सोडते. पिशवीत सुके आलुबुखार आणि चॉकलेटची बिस्किटे भरून ती जाते ती जेवणाच्या टेबलाखाली. आईबाप शहाणे आहेत. ते तिला बाहेर ओढत नाहीत. टेबलाखाली ऐकू जाईल अशा आवाजात, पण एकमेकांशीच बोलल्यासारखे, तिच्यावाचून घर कसे सुने झाले आहे याची चर्चा करत बसतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही ही विद्या ओळखीची वाटेल; लेकी बोले सुने लागे, फक्त येथे टोमण्याऐवजी माया आहे.

केव्हिन हेन्क्सची लिली याहून उग्र. १९९० च्या 'ज्युलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड' या पुस्तकातली ही उंदीरकन्या धाकट्या भावाला चिमटे काढते, त्याला भिववते, त्याच्या निंदेच्या गोष्टी रचून त्यालाच ऐकवते, आणि परिणामी हट्टी मुलांना बसवण्याच्या शिक्षेच्या खुर्चीवर तिचा मुक्काम वाढत जातो. आईबाप तिच्यावर माया करतच राहतात. त्या मायेने मात्र काडीइतका फरक पडत नाही. मग बाळाच्या समारंभाला आलेली एक चुलतबहीण तेच बोलते जे लिली इतके दिवस बोलत होती. आणि लिली उसळते. माझ्या भावाला नावे ठेवायची ती मी ठेवीन, तू कोण? भाऊबंदकीचा सारा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे अशा आपल्या वाचकांना या वळणाचे स्पष्टीकरण लागणार नाही. मला ते कीट्सच्या खुर्चीइतकेच खरे वाटते, आणि त्यात विनोद अधिक आहे.

याच विषयावरची एक शास्त्रीय साक्षही लक्षात ठेवण्याजोगी आहे. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडातील केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांचा, दुसरे मूल जन्मण्याच्या आधीपासून ते वर्षाचे होऊन पुढेपर्यंत, घरी जाऊन अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. ज्या आया थोरल्याशी बोलताना बाळाचा उल्लेख एक माणूस म्हणून करत, म्हणजे त्याला आता भूक लागली असेल का, ते का रडत असेल, त्याला काय हवे असेल असे थोरल्यालाच विचारत, त्या घरांतली भावंडे पुढे एकमेकांशी अधिक स्नेहाने वागताना आढळली. 'बाळाला हात लावू नकोस' या फर्मानाऐवजी 'बाळाला काय झाले असेल रे?' ही विचारणा. पदच्युत राजाला निदान मसलतीत तरी घेतले, असे अॅडलरच्या उपमेत म्हणता येईल.

आता एका पुस्तकाबद्दल थोडे अप्रिय बोलतो. मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकाराचा 'रेनबो फिश' हा मासा १९९२ पासून जगभर पोहतो आहे. त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या असे सांगतात, आणि पानांवर चिकटवलेल्या चकचकीत वर्खाचे त्या खपातले श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. अंगावर चमकते खवले असलेला हा गर्विष्ठ मासा एका लहान माशाला खवला द्यायला नकार देतो, सारे मासे त्याला वाळीत टाकतात, गुहेतला अष्टपाद त्याला खवले वाटून टाकायला सांगतो, आणि एकच खवला शिल्लक ठेवून तो सुखी होतो. लाखो घरांत हे पुस्तक दयेचा पाठ म्हणून वाचले जाते. मी ते तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा मला त्यात दया सापडली नाही. सापडली ती खंडणी. हेवा वाटला तो इतर माशांना. त्याची किंमत मोजली एकट्याने, अंगाचे सोलून, आणि तीही बहिष्कार उठवून घेण्यासाठी. पीटरच्या घरी त्याच्याशी कोणी अबोला धरला नव्हता. जेवणाची हाक खुर्ची देण्याच्या आधी आली होती.

प्राण्यांच्या गोष्टींवर आणखी एक आक्षेप टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली घेतला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली, एकात रॅकून हा प्राणी, दुसऱ्यात माणसाची मुले. आणि मग त्यांना स्टिकर देऊन, ज्यांना मिळणार नाहीत अशा मुलांसाठी त्यांतली किती ठेवतात ते पाहिले. माणसांची गोष्ट ऐकलेली मुले अधिक उदार झाली. प्राण्यांच्या गोष्टीचा तसा गुण आला नाही. पंचतंत्र आणि हितोपदेशावर पोसलेल्या आपल्याला हे सहजी मानवणार नाही, आणि एका प्रयोगावरून विष्णुशर्म्याला निवृत्त करावे असेही मी म्हणत नाही. पण एवढे खरे की मराठी मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा मेणाच्या घरातल्या चिमणीची असते, पावसात भिजणाऱ्या कावळ्याला ती नाना सबबी सांगून दाराबाहेर ठेवते, आणि इतक्या पिढ्यांत एकाही मुलाने त्या चिमणीकडून अतिथिधर्माविषयी काही वाईट शिकल्याची नोंद नाही.

माणसाच्या मुलाची म्हणाल, तर आपल्याकडे ध्रुव आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर धाकट्या राणीचा, सुरुचीचा, उत्तम बसलेला, सुनीतीचा ध्रुव चढू पाहतो आणि सुरुची त्याला झिडकारते. पाच वर्षांचा मुलगा घर सोडतो तो थेट मधुवनात. तप करतो, आणि कोणालाही काढून घेता येणार नाही असे अढळपद मिळवतो. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी येई. आज वाटते, ध्रुवाला जागा गमावल्याचे जे दुःख झाले त्याचे उत्तर पुराणाने आणखी मोठ्या, आणखी पक्क्या जागेने दिले. आणि तसे उत्तर देणे राजांना आणि देवांना परवडते. दोन खोल्यांच्या घरातल्या थोरल्याला देण्यासाठी आकाशात तारा शिल्लक नसतो. त्याला उपयोग आहे तो या वार्तेचा, की जी जागा गेली ती त्याला तशीही आता पुरत नव्हती.

मराठीत अशा घरगुती सुखदुःखांना चित्रपुस्तकात जागा देण्याचे मोठे काम माधुरी पुरंदरे यांनी केले आहे. 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत शब्दही त्यांचे आणि रेषाही त्यांच्याच, आणि इसापनीतीच्या तळाशी छापलेले असते तसले 'तात्पर्य' तेथे शोधून सापडत नाही. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने ही पुस्तके नेटाने काढली. त्यांची संख्या वाढावी इतकेच म्हणतो, कारण भेटवस्तू म्हणून बाळंतविड्याबरोबर थोरल्यासाठीही काहीतरी न्यावे हे आता लोकांना सुचू लागले आहे, आणि ते काहीतरी बहुधा प्लास्टिकची मोटार असते.

आमच्या नातीने 'पीटर्स चेअर' त्या महिन्यात इतक्या वेळा वाचून घेतले की माझे मराठी भाषांतर तिला पाठ झाले आणि मी एखादा शब्द बदलला की ती मला अडवू लागली. एका दुपारी तिने आपली छोटी लाल खुर्ची स्वतः ओढत पाळण्याजवळ आणून ठेवली. आम्ही साऱ्यांनी, मोठ्या माणसांची जी रीत असते त्याप्रमाणे, कौतुकाला सुरुवात केली. मी जरा अधिकच पुढे जाऊन विचारले, पीटरने खुर्ची दिली, तशी ती मगरही त्याने सूझीला दिली असेल का ग? पुस्तकात त्याविषयी काही सांगितलेले नाही. तिने पुस्तक उघडून शेवटचे पान पुन्हा पाहिले, मागचेही एक पाहिले, आणि निकाल दिला.

"मगर त्याचीच आहे, आजोबा."